दोन इंजिनांची बोट आणि तिच्या बॅटऱ्या

(किनाऱ्यावरील बोट कामगारांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रेल्वेवाल्यांनी बोटीवर काय बोलायचे, असा प्रश्न तुमच्या मनात येणे साहजिक आहे. दर्याचे ज्ञान तुमच्याजवळ आहे, ते आम्ही तुम्हाला शिकवायला आलेलो नाही. पण बॅटरी हा आमच्या रोजच्या कामाचा विषय आहे. आमच्या युनियनचे अनेक सभासद ट्रेन लायटिंग खात्यात आहेत. डब्याखाली वाकून बॅटऱ्यांचे पाणी पाहण्यात त्यांची उमेद गेली आहे. शिवाय कोकणात एक भाऊ रेल्वेत किंवा पोस्टात आणि दुसरा बोटीवर, अशी घरे काही थोडी नाहीत. तेव्हा हा विषय परका नाही.

पर्यटकांना फिरवणाऱ्या, डुबकी मारायला नेणाऱ्या बोटींवर दोन आऊटबोर्ड इंजिने बसवलेली तुम्ही पाहता. मालक सांगतो, "दोन इंजिने आहेत, एक बंद पडले तर दुसरे आहेच." बरोबर आहे. पण ही दोन्ही इंजिने एकाच बॅटरीवर सुरू होत असतील, आणि त्याच बॅटरीवर दिवे, वायरलेस, पाणी उपसण्याचा पंप आणि पर्यटकांसाठी गाणी वाजवणारा स्पीकर चालत असेल, तर दुसरे इंजिन नावालाच उरते. बोट नांगरून दोन तास उभी राहिली, बॅटरी उतरली, की दोन्ही इंजिने एकदम मुकी होतात. मोठे इंजिन दोरी ओढून सुरू होत नाही. वायरलेस बंद, पंप बंद, आणि वारा बोटीला खडकाकडे नेतो. म्हणून आमचे सांगणे एकच आहे. इंजिने दोन असतील तर त्यांच्या बॅटऱ्याही वेगळ्या पाहिजेत, आणि एरवीच्या वापरासाठी तिसरी पाहिजे.

आता मांडणी पाहू. डाव्या इंजिनाला एक बॅटरी, उजव्या इंजिनाला दुसरी. या दोन्ही फक्त इंजिन सुरू करण्यासाठी. तिसरी बॅटरी दिवे, वायरलेस, जीपीएस वगैरेसाठी. प्रत्येक बॅटरीच्या पॉझिटिव्ह बाजूला स्वतःचा चालू-बंद स्विच. चौथा स्विच अडचणीचा. तो एरवी बंद असतो. एका इंजिनाची बॅटरी उतरली तर तेवढ्यापुरता तो लावून दुसऱ्या बॅटरीच्या जोरावर इंजिन सुरू करायचे आणि लगेच बंद करायचा. तो लावून ठेवला तर चांगली बॅटरी कमजोर बॅटरीबरोबर खाली जाते.

आमच्या रेल्वेच्या बांधवांना यात नवे काही वाटणार नाही. स्वतःची वीज स्वतः तयार करणाऱ्या डब्यात आसाच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर आणि 110 व्होल्टची बॅटरी असते. प्रत्येक डबा आपल्या पायावर उभा असतो. पण एखाद्या डब्याचे चार्जिंग बंद पडले तर डब्याच्या टोकाला असलेल्या इमर्जन्सी टर्मिनलवरून शेजारच्या डब्याची वीज घेता येते. एरवी वेगळे, संकटात एकत्र, हाच नियम बोटीलाही लागू आहे.

निगेटिव्ह बाजूचे मात्र उलट. तिन्ही बॅटऱ्यांची निगेटिव्ह टोके जाड केबलने एकाच पट्टीवर जोडलेली पाहिजेत. तसे नसेल तर अडचणीचा स्विच लावूनही काम होत नाही. दुसरे असे, की एका इंजिनाची निगेटिव्ह केबल सैल झाली तर स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा करंट मीटरच्या आणि कंट्रोलच्या बारीक वायरींतून परतीची वाट शोधतो आणि वायरिंग जळते. तेव्हा या पट्टीचे नट महिन्यातून एकदा आवळून पाहा.

पाणी उपसण्याचा आपोआप चालणारा पंप कोणत्याही स्विचच्या मागे ठेवू नका. तो तिसऱ्या बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूज देऊन थेट घ्यायचा. रात्री सर्व स्विच बंद करून तुम्ही घरी गेलात तरी पाणी चढल्यावर तो चालला पाहिजे. दिवे आणि वायरलेसकडे जाणाऱ्या मुख्य वायरीचा फ्यूजही बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा. बॅटरी आणि फ्यूज यांमधली वायर घासून उघडी पडली तर तिला वाचवणारे काही नसते. वायर कल्हई केलेल्या तांब्याची घ्या. साधे तांबे खाऱ्या हवेत आतून हिरवे पडून खराब होते.

आता चार्जिंग. दोन्ही इंजिने आपापल्या बॅटरीला चार्ज देतात. तिसरीला चार्ज कोठून मिळणार? त्यासाठी व्होल्टेज पाहून चालणारा रिले मिळतो. इंजिन सुरू झाले की आधी त्याची स्वतःची बॅटरी भरते. व्होल्टेज साधारण 13.3 ला गेले की रिले तिसरी बॅटरी जोडतो. इंजिन बंद झाल्यावर ते 12.8 च्या आसपास आले की तोडतो. माणसाने आठवण ठेवण्याची गरज राहत नाही. तिसरी बॅटरी लिथियमची असेल तर मात्र हा रिले चालत नाही, कारण त्या बॅटरीचे व्होल्टेज उभ्या स्थितीतच तेराच्या वर असते. तिला डीसी-टू-डीसी चार्जर लावावा लागतो.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. इंजिन चालू असताना त्याचा बॅटरी स्विच बंद करू नका. चार्जिंगचा करंट जायला जागा उरत नाही, व्होल्टेज उसळते आणि रेक्टिफायर जळतो. आधी इंजिन बंद, मग स्विच.

हिशेबही आपल्याला आला पाहिजे. तिसरी बॅटरी 100 अँपिअर-अवरची असेल तर निम्मीच वापरायची, म्हणजे 50. लेड-ॲसिड बॅटरी वारंवार त्याखाली नेली तर तिचे आयुष्य घटते. दिवे, वायरलेस, जीपीएस मिळून 5 अँपिअर लागत असतील तर 10 तास मिळाले. त्यात मोठा स्पीकर जोडला की तास झपाट्याने कमी होतात. इंजिन मंद फिरत असताना चार्ज कंपनीने लिहिलेल्या आकड्यापेक्षा बराच कमी मिळतो, हेही विसरू नका. दिवसभर मंद चालवून बॅटरी भरली, असे मालक म्हणाला तरी मीटर लावून पाहा.

मीटर महाग नाही. काही तास स्वस्थ असलेली लेड-ॲसिड बॅटरी 12.6 ते 12.7 व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली आहे. 12.2 म्हणजे निम्मी. 12 च्या खाली असेल तर त्या बॅटरीवर बोट बाहेर काढू नये. इंजिन चांगल्या वेगात असताना 14 च्या आसपास दिसले पाहिजे. तेव्हाही काटा 12.5 वर अडून राहिला तर चार्ज येत नाही असे समजा आणि बोट फिरवा.

बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण फक्त 4 टक्के झाले तरी एका ठिणगीने स्फोट होतो. म्हणून पेट्रोलची टाकी आणि बॅटरी एका बंद खणात नको, आणि खणाला हवा पाहिजे. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह सोडा, बसवताना निगेटिव्ह शेवटी लावा. बॅटरी पट्ट्याने घट्ट बांधा. खारे पाणी ॲसिडात गेले तर क्लोरीनचा विषारी वायू होतो. जेटीवर 230 व्होल्टचा चार्जर ओल्या फळ्यांवर ठेवून लावणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. कोरडी जागा आणि ईएलसीबी पाहिजेच.

बंधूंनो, हे सर्व करायला पैसे लागतात, आणि ते पैसे मालकाने द्यायचे आहेत. काही ठिकाणी उलटाच प्रकार चालतो. बॅटरी उतरली तर खलाशाच्या रोजातून पैसे कापतात. बोट अडकली तर दोष तांडेलाचा, आणि तिसरी बॅटरी न घेणारा मात्र नामानिराळा. हे आपण मान्य करता कामा नये. आमच्या मते तुमच्या संघटनेने चार मागण्या धराव्यात. प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र बॅटरी. प्रत्येक बोटीवर मीटर, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. रोज सकाळी तिन्ही बॅटऱ्यांचे व्होल्टेज लिहिण्याची वही, तांडेलाच्या सहीसह. आणि वहीत आकडा कमी दिसला तर बोट न काढण्याचा तांडेलाचा अधिकार, त्या दिवसाचा रोज न कापता.

ही वही लहान दिसते. पण रेल्वेत आम्ही पाहिले आहे, की नोंद असली म्हणजे चौकशीत कामगार एकटा पडत नाही. गाडी सोडण्यापूर्वी तपासणी करणाऱ्याची सही लागते, ती उगाच नाही. तीच शिस्त बोटीवर आणली तर तुमचाही जीव वाचेल आणि बोटीतल्या प्रवाशांचाही.

तरीही एखाद्या दिवशी बोट अडकलीच, तर आधी नांगर टाका, वायरलेससाठी बॅटरी राखा, चॅनेल 16 वर हाक द्या. मोबाइल लागत असेल तर तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर फिरवा. हा नंबर आजच प्रत्येक बोटीवर रंगाने लिहून ठेवा.

ज्यांना ही जोडणी हाताने करून पाहायची असेल त्यांनी आमच्या ट्रेन लायटिंगच्या सभासदांना बोलवावे. सुट्टीच्या दिवशी आम्ही येऊ. फी नाही, दुपारचे जेवण मात्र तुमच्या घरचे.