पोरक्या पाडसांचें संगोपन

हरिणाचें पाडस म्हटलें कीं कण्वाश्रमांतील शकुंतला आठवते. जन्मतांच आई गमावलेल्या पाडसाला तिनें श्यामाकाचे दाणे भरवून वाढविलें. कुशाच्या टोंकानें त्याचें तोंड चिरलें, तेव्हां इंगुदीचें तेल लाविलें. भागवतांतील भरत राजा तर पाडसाच्या मायेंत इतका गुंतला कीं, पुढील जन्मीं त्याला हरिणच व्हावें लागलें.

आपल्या काळीं ही माया गडचिरोली जिल्ह्यांतील हेमलकसा येथें पाहावयास मिळते. बाबा आमटे यांनीं १९७३ सालीं आरंभिलेल्या लोकबिरादरी प्रकल्पांत डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं माडिया गोंडांची सेवा पत्करली. तेथें भुकेपोटीं मारलेल्या माकडिणीला बिलगलेलें जिवंत पिल्लू एकदां डॉक्टरांच्या दृष्टीस पडलें. तें त्यांनीं मागून घेतलें. त्यांतूनच वन्यप्राण्यांचें अनाथालय उभें राहिलें. अस्वलें, बिबटे यांच्यासवें तेथें हरिणेंहि वाढलीं.

पाडस वाढविणें म्हणजे नुसती बाटली तोंडीं देणें नव्हे. हरिणीचें दूध गाईच्या दुधाहून पुष्कळ सकस असतें. पाडसाला एकदम अधिक पाजलें तर हगवण लागून तें दगावतें. म्हणून थोडें थोडें, कोमट, अनेक वेळां पाजावें लागतें. आई चाटते त्याप्रमाणें ओल्या फडक्यानें पुसल्यावांचून अगदीं लहान पाडसाचें मलमूत्रहि सुटत नाहीं. त्यांत प्रत्येकाचा स्वभाव निराळा! एक आधाशीपणें ढुशा देतें, दुसरें पाऊल वाजतांच कोपऱ्यांत दबतें, तिसरें एकाच माणसाच्या हातचें पितें. माणसाळलेला नर शिंगें आल्यावर पोसणाऱ्यावरच धांवून जातो. कारण माणसाचें भय त्याला उरलेलें नसतें.

तेव्हां नवी मुंबईंतील एखादें कुटुंब सह्याद्रीच्या रानांत सहलीस गेलें आणि गवतांत एकटें पाडस दिसलें, तर त्यानें तें पोरकें समजूं नये. हरिणी पाडसाला लपवून चरावयास जाते व दूध पाजावयास परतते. दयेनें उचलून आणणाराच त्याला पोरकें करतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें तें घरीं बाळगणें हा गुन्हा आहे. पाडस जखमी असेल, अथवा आई मेलेली दिसेल, तर वनखात्यास कळवावें.

शकुंतला सासरीं निघाली, तेव्हां पाडस तिचा पदर सोडीना. तरी तिनें त्याला राजवाड्यांत नेलें नाहीं. कण्वांच्या स्वाधीन करून ती रडत पुढें गेली. तिच्या मायेचें मोठेपण त्या सोडून जाण्यांतच आहे.