चाकांवरचं घर घेताय? आधी हे ऐका

अमेरिकेत घर सोडून कायमचं आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहायला निघालेल्यांसाठी आजचा भाग. बिल्डिंगमध्ये पाणी, वीज, ड्रेनेज मोजावं लागत नाही. इथे सगळं मोजून.

आधी वीज. कॅम्पग्राउंडचं ३० अँपिअरचं कनेक्शन १२० व्होल्टवर जास्तीत जास्त ३,६०० वॉट देतं. एसी, मायक्रोवेव्ह, गीझर एकदम लावलेत की ब्रेकर पडलाच समजा.

मग संडासाची टाकी. पाइप जोडलेला असला तरी व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा. उघडा राहिला तर पाणी वाहून जातं, मैला तळाशी सुकून बसतो आणि निघता निघत नाही. टाकी दोन तृतीयांश भरली की आधी ती सोडा, नंतर सिंक-शॉवरची. त्या पाण्याने पाइपही धुतला जातो.

तिसरं, मुक्काम. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या सरकारी जमिनीवर बऱ्याच ठिकाणी २८ दिवसांत १४ दिवस फुकट राहता येतं. पण तिथे नळ नाही, प्लगही नाही.

म्हणून घर विकण्याआधी भाड्याची आरव्ही घ्या आणि काहीही न जोडता चार दिवस राहून बघा. जमलं तर निघा. नाही जमलं, तर घर अजून तुमचंच आहे!