‘बरे’, ‘योग्य’ आणि ‘श्रेय’ : मूल्यनिर्णयाच्या शब्दांचा विचार



पंक्तीस बसलेला एक गृहस्थ म्हणतो, “आमटीत मीठ कमी आहे.” दुसरा म्हणतो, “मला आमटी आवडली नाही.” तिसरा म्हणतो, “आमटी चांगली झालेली नाही.” तिघेही एकाच वाटीविषयी बोलत असले, तरी या तीन वाक्यांची जात भिन्न आहे. पहिल्याचे खरेखोटे जिभेवर ठरते. दुसऱ्याशी वाद संभवत नाही, कारण आवड ज्याची त्यालाच ठाऊक. तिसरा मात्र स्वतःच्या आवडीपलीकडे जातो. आमटी कशी असावी याचे काही एक माप आहे आणि ते इतरांनीही मान्य करावे, असे तो गृहीत धरतो. या तिसऱ्या जातीच्या वाक्यास तत्त्वज्ञानात मूल्यनिर्णय म्हणतात.

मत, पारख, निवाडा, निंदा हे शब्द याच्या शेजारचे; पण ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. मताला आग्रह नसला तरी चालते. निवाड्याला अधिकार लागतो आणि दोन्ही पक्षांचे ऐकून घ्यावे लागते. निंदेला यांपैकी काहीच लागत नाही. पारखीला कौशल्य हवे. सराफ कसोटीच्या दगडावर सोने घासून त्याचा कस सांगतो, आणि तो कस ही वस्तुस्थिती होय. सोने मोलाचे का मानावे, हे मात्र तो दगड सांगू शकत नाही.

‘चांगले’ या अर्थाच्या शब्दांत ‘बरा’ या शब्दाची कथा मोठी उद्बोधक आहे. शके 1212 मधील ज्ञानेश्वरीत ‘बरवा’ हा शब्द सुंदर, उत्तम अशा अर्थाने येतो. आजच्या मराठीत ‘मुलगा बरा आहे’ असे कोणी सांगितले, तर वधूपिता चिंतेत पडतो! गोमंतकाच्या कोंकणीत मात्र ‘बरें’ या शब्दाने आपली किंमत राखली आहे. ‘देव बरें करूं’ असे म्हणून आभार मानणारा मनुष्य, देवाने जेमतेम करावे, अशी प्रार्थना करीत नसतो. पुण्याच्या पाहुण्याला गोव्यात कोणी ‘बरो मनीस’ म्हटले, तर त्याला ती थोडी कंजूष स्तुती वाटेल. म्हणणाऱ्याने मात्र त्याला पुरे माप दिलेले असते.

‘योग्य’ म्हणजे एखाद्या हेतूस साधक. विष हे मारण्यास योग्य असते, म्हणून ते देणे उचित ठरत नाही. ‘उचित’ हा शब्द व्यक्ती, प्रसंग व स्थळ पाहतो. काव्याच्या प्रांतात याच तत्त्वावर अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने स्वतंत्र ग्रंथ रचला. ‘इष्ट’ म्हणजे जे इच्छिले जाते ते. परंतु जे इच्छिले जाते ते इच्छिण्यास पात्र असतेच काय? कठोपनिषदातील यम नचिकेत्यापुढे श्रेय आणि प्रेय असे दोन मार्ग ठेवतो, ते याच प्रश्नासाठी. जे प्रिय वाटते ते प्रेय. वाटो वा न वाटो, जे कल्याणाचे ते श्रेय. आजच्या व्यवहारात मात्र श्रेय ही लाटण्याची वस्तू झाली आहे, हे त्या शब्दाचे दुर्दैव.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञ ह्यूम याने 1739-40 मधील आपल्या ग्रंथात दाखविले, की लेखक ‘आहे’ म्हणता म्हणता नकळत ‘असावे’ म्हणू लागतात आणि ती उडी कोठून आली हे सांगत नाहीत. आपल्याकडील मीमांसकांनी स्तुतिनिंदेचा विचार फार पूर्वी केला होता. त्यांच्या मते वेदातील स्तुती विधीला बळ देते. निंदेचाही हेतू निंद्य वस्तूस खाली पाडणे हा नसून जे विहित आहे त्याची थोरवी सांगणे हा असतो. म्हणजे ‘हे चांगले’ या शब्दांत ‘हे करावे’ असा आदेश दडलेला असतो.

व्यवहारात अधिक फसवे ठरतात ते वर्णनाचा वेष घेतलेले शब्द. पैसा जपून वापरणाऱ्यास एक जण काटकसरी म्हणतो, दुसरा चिक्कू. दोघांनी पाहिलेला खर्च एकच असतो. शब्द उच्चारताच निर्णय होऊन जातो आणि कारण विचारण्यास अवसर उरत नाही.

पुण्याचे पंचहौद मिशनचे प्रकरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. 1890 साली मिशनच्या वास्तूत जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक दोघेही तेथे होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रात प्रसिद्ध करताच गदारोळ उडाला, आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत जाऊन चौकशी झाली. चहा पुढे आला याविषयी वाद नव्हता. वाद होता तो त्या कृत्याला कोणते नाव द्यावे याचा : ते पातक, की किरकोळ अनाचार, की पाहुणचाराचा साधा स्वीकार? ज्याने जो शब्द निवडला त्याने प्रायश्चित्ताचा प्रश्नही त्या शब्दातच सोडविला होता.

1892 साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. स्नेह्यांवर बहिष्काराचे संकट होते आणि त्यांची अडचण दूर व्हावी हा त्यांचा हेतू होता. सुधारकांपैकी अनेकांना ते रुचले नाही. ही माघार होय, असे म्हणणाऱ्याने तत्त्वनिष्ठेचे माप लावले; हे सौजन्य होय, असे म्हणणाऱ्याने स्नेह्यांच्या दुःखाचे. दोन्ही मापे खोटी नव्हेत. त्यांपैकी कोणते थोर, हे ‘माघार’ किंवा ‘सौजन्य’ या शब्दांना विचारून कळत नाही. त्यासाठी तत्त्व आणि स्नेह यांचीच तुलना करावी लागते, आणि रानड्यांना ती प्रायश्चित्ताला बसण्यापूर्वी करावी लागली होती.