गोळी विकणे आणि गोळी पोचविणे



1952 साली पॅरिसच्या सेंट-अ‍ॅन रुग्णालयात डिले आणि डेनिकर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना देऊन पाहिले. स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, झालेल्या माणसाला घरी राहून उपचार घेता येण्याची वाट तेथून खुली झाली. परंतु रुग्ण घरी आला, त्याबरोबर रोजच्या गोळीची जबाबदारीही घरी आली. ती पेलण्यास कुटुंबाला आधार कोणाचा?

डॉक्टरची भेट महिना-दोन महिन्यांनी, तीही पुष्कळदा जिल्ह्याच्या गावी. औषधाच्या दुकानात मात्र घरातले कोणी ना कोणी नेमाने जाते. गोळ्या संपण्याचा दिवस उलटूनही कोणी फिरकले नाही, तर ते सर्वांत आधी कळू शकते औषधविक्रेत्याला.

गोळी सुटते ती रुग्णाच्या हट्टामुळे, असे मानणे अन्यायाचे आहे. हात थरथरतात, दिवसभर गुंगी राहते, वजन वाढते. आपण आजारी आहोत ही जाणीवच या आजारात अनेकांना नसते. काहींना बरे वाटू लागले की गोळी अनावश्यक वाटते. कोठे पैसेच संपतात. गोळी सोडल्यावर लगेच काही बिघडतेच असे नाही. कित्येकदा काही महिने ठीक जातात, आणि आजार उलटतो तेव्हा त्याचा संबंध सुटलेल्या गोळीशी कोणी लावीत नाही.

येथे जाणकार औषधविक्रेता पुष्कळ करू शकतो. कंपनी बदलली की पाकिटाचा रंग बदलतो आणि घरचे लोक तेच औषध दुसरे समजून एक तर दोन्ही देतात, नाही तर दोन्ही थांबवितात. हा घोटाळा तो दोन वाक्यांत मिटवू शकतो. गुंगीची तक्रार ऐकून गोळीची वेळ बदलण्याविषयी तो डॉक्टरांना विचारू शकतो. रोजची गोळी जमत नसेल तर काही आठवड्यांनी घ्यावयाचे इंजेक्शनही असते, हे तो सांगू शकतो. क्लोझापिनसारख्या औषधात तर त्याचे लक्ष प्राण वाचविणारे ठरते. त्याच्या सुरुवातीचे 18 आठवडे दर आठवड्याला रक्ततपासणीचा प्रघात आहे. दोन दिवसांहून अधिक खंड पडल्यास पूर्वीचीच मात्रा एकदम घेणे धोक्याचे असते. आणि विडी-सिगारेट अचानक सोडली तर रक्तातले औषध वाढते. घरच्यांनी गोळी आमटीत कालवून चोरून देण्यापेक्षा रुग्णाशी विश्वासाने बोलावे, हे समजावणेही याच कामात येते. मात्र हे बोलणे चार गिऱ्हाइकांसमोर होता कामा नये.

कायदा याच्या आड येत नाही. 2015 च्या औषधव्यवसाय नियमांनी रुग्णाला सल्ला देणे हे औषधविक्रेत्याचे कर्तव्यच मानले आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या 18 व्या कलमाप्रमाणे आवश्यक यादीतील औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून, म्हणजे आपल्याकडील ग्रामीण रुग्णालयापासून, वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत मनोरुग्णांना सदैव आणि मोफत मिळाली पाहिजेत.

मग अडते कोठे? अडते ते अर्थव्यवहारात. दुकानदाराला नफा मिळतो विकलेल्या पाकिटावर. समजावून सांगण्यात गेलेल्या पंधरा मिनिटांना बाजारात मोल नाही. कित्येक दुकानांत नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर असते आणि गल्ल्यावर दुसराच कोणी असतो. ज्या श्रमाची किंमत बाजार मोजीत नाही, तो श्रम केवळ सद्भावनेवर फार काळ टिकत नाही. म्हणून त्याचा मोबदला समाजाने, म्हणजेच सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेने दिला पाहिजे. ग्रामीण रुग्णालयातील औषधनिर्मात्याला या कामासाठी वेळ, प्रशिक्षण आणि वेगळी खोली हवी.

कार्यकर्त्यांनी आरंभ करावा तो एका साध्या चौकशीने. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात ही औषधे या महिन्यात आहेत काय? नसल्यास किती दिवसांपासून नाहीत? खिडकीवरून परत पाठविलेला रुग्ण मोर्चा काढीत नाही. तो मुकाट्याने घरी जातो आणि त्याची गोळी बंद होते. त्याच्या वतीने विचारणारे कोणी तरी असले पाहिजे.