दादाच्या गाडीचा अँटेना

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडी काटछाट केली आहे.)



कमिटीने मला दिलेला विषय होता ‘निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन’. त्यावर मी याच हॉलमध्ये तीनदा बोललो आहे. ज्यांना पैसे ठेवायचे होते त्यांनी ठेवले, ज्यांना नव्हते ठेवायचे त्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हणून या वेळी मी विषय बदलून मागितला. आज मी गाडीच्या अँटेनावर बोलणार आहे. हसा, हरकत नाही. अर्ध्या तासाचाच मामला आहे आणि नंतर बटाटेवडे आहेतच.

माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणायचो, इंजिनिअर होऊन अमेरिकेत गेला आणि कॅलिफोर्नियात सॅन होजेला स्थायिक झाला. सगळा जन्म त्याने मध्यमवर्गीय माणसासारखा काढला, चैन एकच केली. १९९२ साली त्याने माझदा मियाटा नावाची दोन सीटची, उघड्या टपाची लाल गाडी घेतली. घरी दोन मुलं आणि गाडीला दोनच सीट, त्यामुळे तेव्हा घरात बरंच बोलणं झालं होतं म्हणे. ही मियाटा फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. तिची मूळ किंमत होती १३,८०० डॉलर. म्हणजे स्पोर्ट्स कार असली तरी पगारदार माणसाच्या आवाक्यातली. बटण दाबलं की पुढचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर यायचे. आणि दादाच्या गाडीला मोटरवर चालणारा अँटेना होता. रेडिओ लावला की तो मागच्या पत्र्यातून आपोआप वर सरकायचा, बंद केला की आत जायचा. आमचा पुतण्या लहानपणी नुसता तेवढ्यासाठी रेडिओ चालू-बंद करायचा आणि बोलणी खायचा.

दादा करोनाच्या आधीच्या वर्षी गेला. गाडी वहिनींकडे राहिली. वहिनी सत्तरीच्या पुढच्या, पण गिअरची गाडी सफाईने चालवतात. गुरुवारी लायब्ररी, शनिवारी भाजी, महिन्यातून एकदा एका मैत्रिणीकडे भिशी. तिकडे रिक्षा नाही, कोपऱ्यावर वाणी नाही. गाडी गेली की माणूस घरात बसलं, हे तिकडे जाऊन आलेल्या सगळ्यांना माहीत आहे.

मागच्या वर्षी मी दोन महिने तिकडे होतो. पोचलो त्या आठवड्यात घरात विषय निघाला की गाडी देऊन टाकायची. तिकडे जुनी गाडी धर्मादाय संस्थेला देता येते. फोन केला की ते टोचन लावून घेऊन जातात. पुतण्याने शुक्रवारची वेळसुद्धा ठरवली होती. कारण काय, तर अँटेना. तो एक वीतभर वर येऊन अडकला होता, थोडा वाकला होता, आणि रेडिओ लावला की डिकीतून घर्र, घर्र असा कॉफीची बी दळल्यासारखा आवाज यायचा. एका गॅरेजवाल्याने पूर्ण युनिट बदलायचे सहाशेवीस डॉलर सांगितले आणि वर म्हणाला, एवढ्या जुन्या गाडीवर मी तरी खर्च करणार नाही. पुतण्याला तेवढंच हवं होतं. म्हणाला, “काका, आज हे गेलं, उद्या दुसरं जाईल. किती दिवस पुरवायचं?”

आता मी काही मेकॅनिक नव्हे. पण छत्तीस वर्षं बँकेत काढली आहेत. ट्रायल बॅलन्स जुळला नाही तर आम्ही सगळी लेजरं फाडून नवीन लिहीत नव्हतो. आधी फरक किती ते बघायचो. फरकाला नऊने भाग गेला तर बहुधा कुणीतरी ५४ च्या जागी ४५ लिहिलेले असायचे. इथे बसलेल्या बँकवाल्यांना हे पाठ आहे. मी पुतण्याला एवढंच म्हटलं, शुक्रवारची गाडी पुढच्या शुक्रवारवर ढकल, मी जरा फरक काढून बघतो.

हा अँटेना चालतो कसा ते सांगतो, कारण मला स्वतःला ते फार आवडलं. आपल्या ट्रान्झिस्टरच्या एरियलसारख्याच एकात एक बसणाऱ्या नळ्या असतात. सगळ्यात वरच्या बारीक नळीच्या आतल्या टोकाला नायलॉनची लांब दोरी जोडलेली असते. दोरी म्हणण्यापेक्षा कडक पट्टी म्हणा, तिच्या एका बाजूला दाते असतात. डिकीत पत्र्याच्या आड एक छोटी मोटर आणि दातेरी चाक. चाक फिरलं की दाते पकडून पट्टी वर ढकलतं, आणि पट्टी नळ्यांना वर ढकलते. आपला वायरमन भिंतीतल्या पाइपातून स्प्रिंग सारतो ना, तसंच. उलटं फिरलं की पट्टी खाली येऊन डब्यातल्या चकरीवर गुंडाळली जाते. मोटरला सतत वीज मिळणारी एक वायर, अर्थिंग, आणि रेडिओकडून येणारी ‘मी चालू झालो’ असं सांगणारी आणखी एक. बस, एवढाच संसार.

आणि उंची किती? साधारण पाऊण मीटर. याला गणित आहे. एफएम रेडिओ शंभर मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो. प्रकाशाचा आणि रेडिओ लहरींचा वेग सेकंदाला तीस कोटी मीटर. भागाकार करा, लहरीची लांबी आली तीन मीटर. तिचा चौथा हिस्सा म्हणजे पाऊण मीटर, आणि तेवढी काठी ती लहर चांगली पकडते. अँटेना वीतभरच वर असेल तर स्टेशन खरखरणार, यात रेडिओचा काही दोष नाही. हल्लीच्या गाड्यांना अशी काठी दिसत नाही. काचेत तारा असतात किंवा टपावर माशाच्या परासारखा उंचवटा असतो. त्यामुळे ही मोटरची जात आता इतिहासजमा झाली.

तर फरक काढायचा तो कानाने. रेडिओ लावल्यावर मोटरचा आवाजच येत नसेल तर फ्यूज, रिले, वायर किंवा मोटर, यांपैकी काहीतरी गेलं. मोटर फिरते पण काठी हलत नाही, याचा अर्थ मोटर ठणठणीत आहे, वीज पोचते आहे, आणि दाते झिजले आहेत किंवा पट्टी तुटली आहे. आमच्याकडे आवाज येत होता. म्हणजे सहाशेवीस डॉलरमधले बहुतेक पैसे एका धडधाकट मोटरचे होते! नळ्या आणि पट्टी एवढाच भाग वेगळा मिळतो. तोही मिळतो, कारण या गाड्या अफाट खपल्या. २०१६ साली दहा लाखावी मियाटा कारखान्यातून बाहेर पडली. एवढे गिऱ्हाईक असल्यावर सुटे भाग करणारे कुणीतरी निघतंच. आम्हाला तो अठ्ठेचाळीस डॉलरला पडला आणि चार दिवसांत दारात आला.

त्या चार दिवसांत एक वेगळीच गोष्ट झाली. जेवताना पुतण्या परत म्हणाला की आई, अँटेना दुरुस्त झाला तरी गाडी जुनीच आहे. वहिनींनी ताट बाजूला सारलं. म्हणाल्या, “तुला गाडी नकोय, की मी चालवायला नकोय? जे असेल ते एकदा सांग.” बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तो बोलला, आणि खरं बोलला. रस्त्यावर सगळ्या ट्रकएवढ्या गाड्या, त्यात ही एवढीशी. बाबा गेल्यापासून फोन वाजला की त्याच्या पोटात गोळा येतो. त्याची भीती खोटी नव्हती. पण ती भीती त्याने अँटेनाच्या नावावर जमा केली होती, आणि हे मला पटत नव्हतं. मी म्हटलं, दोन खाती वेगळी ठेवा. गाडी चालते का, हे एक खातं. वहिनी चालवू शकतात का, हे दुसरं.

आपल्याकडेही हे चालतंच. या हॉलमध्ये किमान तिघे असे आहेत, नावं घेत नाही, ज्यांच्या स्कूटरची किल्ली “स्कूटर जुनी झाली” म्हणून गेली. स्कूटर बिचारी अजून पार्किंगमध्ये उभी आहे आणि किक मारली तर चालू होते. मुलांनी सरळ म्हणावं, बाबा, तुमचा गुडघा बरा नाही, आम्हाला भीती वाटते. त्यावर भांडता तरी येतं.

असो. भाग आला. शनिवारी सकाळी आम्ही कामाला लागलो. या गाडीची बॅटरी इंजिनपाशी नसते, डिकीत असते. तिची निगेटिव्ह वायर आधी सोडवली. पत्र्यावर अँटेनाच्या बुडाशी एक गोल नट असतो, त्याला दोन खाचा. टोकदार पक्कड त्या खाचांत धरून तो फिरवला. घाई केली तर पक्कड सटकते आणि रंगावर ओरखडा जातो, म्हणून वहिनींनी भोवती कागदी चिकटपट्टी लावून दिली. वाकलेली काठी हाताने वर ओढली, तर तिच्यामागे हातभरच पट्टी आली. बाकीची आत. तीस वर्षांच्या उन्हाने नायलॉन कडक होऊन काडीसारखं मोडलं होतं.

पट्टी अखंड निघाली असती तर काम दहा मिनिटांचं. रेडिओ लावायचा, मोटर स्वतःच जुनी बाहेर टाकते. आमचं युनिट खोलावं लागलं. दोन नट, एक वायरीचा जोड, रेडिओची केबल, आणि खाली पाणी जायची एक रबरी नळी. ती नळी काढली तर आत कुजलेला पाला! पावसाचं पाणी काठीच्या कडेने आत उतरतं, ते या नळीने गाडीखाली जावं अशी योजना असते. नळी तुंबली की पाणी मोटरमध्ये साचतं. आपल्या गच्चीवरचा पावसाचा पाइप तुंबून सातव्या मजल्यावर गळती झाली, ते सर्वांना आठवत असेल. तिथेही आपण आधी वॉटरप्रूफिंगचं कोटेशन मागवलं होतं. आमची मोटर सुदैवाने कोरडी होती. तारेने नळी साफ केली.

डब्याचं झाकण काढून चकरीवरचा उरलेला तुकडा बाहेर घेतला. मग टेबलावर जुने दोन्ही तुकडे टोकाला टोक लावून नव्या पट्टीशेजारी मांडले. दात्यांची बेरीज चारने कमी. ते चार दाते जुन्या ग्रीसमध्ये सापडले, टाचणीने काढले. एखादा दाता आत राहिला असता तर नवी पट्टी तिथेच अडली असती. पुतण्या दारात चहा घेऊन उभा होता. म्हणाला, “काका, चार दाते मोजत बसलात?” मी म्हटलं, चार पैशांसाठी रात्री दहापर्यंत बसलो आहे बाबा, हे काय!

जुनं ग्रीस पुसून नवं अगदी बोटभर लावलं, युनिट जागेवर बसवलं, बॅटरी जोडली. आता दोन माणसं लागतात. वहिनी रेडिओपाशी, मी डिकीपाशी. वहिनींनी रेडिओ लावला. मी नवी पट्टी दाते चाकाच्या बाजूला येतील अशी भोकातून खाली सोडली, चाकाला टेकेपर्यंत. “भाऊजी, करू का बंद?” “थांबा... हं, करा.” मोटर घर्र झाली आणि पट्टी माझ्या बोटांतून सुळकन आत गेली. नळ्या सरळ धरून मागोमाग सोडल्या, नट आवळला. “आता लावा.” अँटेना सरसर वर आला, पुरता, आणि आवाज थांबला. पहिलं लागलं ते रहदारीचं बातमीपत्र. कुठल्या तरी पुलावर ट्रक बंद पडला होता. वहिनींनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

दुसऱ्या खात्याचं असं झालं. सत्तरीनंतर तिकडे लायसन्सच्या नूतनीकरणाला स्वतः जावं लागतं आणि डोळे तपासतात. वहिनींचं ते आधीच झालेलं होतं. तरी पुतण्या रविवारी त्यांच्या शेजारी तासभर बसून आला. रात्री चालवायचं नाही, फ्रीवेवर जायचं नाही, असं दोघांनी ठरवलं. फ्रीवेबद्दल वहिनींनी थोडी घासाघीस केली, पण शेवटी मान्य केलं. टोचनवाल्याला नको म्हणून कळवलं.

कुणाकडे असा अँटेना असलेली जुनी गाडी असेल तर एवढं करा. महिन्यातून एकदा काठी पूर्ण वर असताना कोरड्या फडक्याने पुसा. तिच्यावर ग्रीस चोपडू नका, धूळ धरते आणि तीच आत जाते. आणि गाडी धुवायला देताना आधी रेडिओ बंद करा.

परवा वहिनींचा फोन आला होता. गाडी छान चालली आहे. तक्रार एकच आहे, रविवारी पुतण्या गाडी फिरवायला नेतो आणि आणून लावताना सीट मागे सरकवून ठेवतो.