बडोद्यातील कलाशिक्षण: दरबारातून विद्यापीठात

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या कलाशिक्षणाची मुळे विद्यापीठाहून बरीच जुनी आहेत. सयाजीराव गायकवाडांनी 1886 साली गायनशाळा काढली आणि ती उस्ताद मौलाबक्ष यांच्या हाती सोपवली. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी बसवली, क्रमिक पुस्तके लिहिली. घराण्यांबाहेर सहसा न जाणारी विद्या अशी वर्गातल्या फळ्यावर आली. त्या काळात हे धाडसच होते. नृत्याची वाट आणखी गमतीची. सयाजीरावांच्या पहिल्या पत्नी महाराणी चिमणाबाई तंजावरच्या मराठा घराण्यातल्या. त्यांच्या लग्नानंतर तंजावरच्या नर्तकी बडोदा दरबारात आल्या आणि भरतनाट्यम् गुजरातेत रुजले.

1949 साली विद्यापीठ स्थापन झाले. संगीत, नृत्य आणि नाट्य त्याच्या छत्राखाली आले. कुलगुरू हंसा मेहता यांच्या कारकिर्दीत, 1950 मध्ये, ललित कला विद्याशाखा उघडली. चित्रकलेची धुरा ना. श्री. बेंद्रे यांच्याकडे, शिल्पकलेची शंखो चौधरी यांच्याकडे. मुंबईचे जे. जे. कला महाविद्यालय तेव्हा पदविका देई, बडोद्याने पदवी दिली. शिवाय कलेतिहास आणि समीक्षा हे विषयही कलेच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमात आले. त्यामुळे कुंचला धरणाऱ्याला चित्राबद्दल बोलणे, लिहिणेही भाग पडले.