तत्त्वज्ञान शिकायचं, पण हप्ता कोण भरणार?

(आवडी, चेन्नई येथे पदवीचे प्रवेश घेणाऱ्या मराठी मुलामुलींपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मराठीत ‘आवडीचा विषय घ्या’ असं सांगतात. आपण तर राहतोच आवडीत, त्यामुळे आपला प्रश्न सुटलेला असायला हवा. पण तुमच्यातल्या काहींनी मला लिहून विचारलंय की, तत्त्वज्ञानात बी.ए. केलं तर पहिला पगार किती मिळेल? हा प्रश्न क्षुद्र नाही. ज्यांच्या घरात तीन पिढ्या पदवीधर आहेत, ते म्हणू शकतात, ‘पैशाचा विचार करू नकोस, मन सांगेल ते शिक.’ त्यांच्या पैशाचा विचार आजोबांनी करून ठेवलेला असतो.

मी बी.कॉम. झाल्यावर तीन वर्षं अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत हिशेब लिहिले आणि मग मद्रास विद्यापीठात तत्त्वज्ञानात एम.ए. केलं. तेव्हा आधी हिशेबच मांडतो.

चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागत नाही, म्हणून ते सोपं वाटतं. शिकत असताना आणि नंतर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढत राहतं. समजा, खाजगी कॉलेजच्या बी.ए.साठी उचललेली रक्कम व्याजासकट पाच लाखांवर गेली. दहा टक्के दराने दहा वर्षांत फेडायची तर महिन्याला साधारण ६,६०० रुपये. बँकेला एकूण जातात जवळजवळ आठ लाख. पहिली नोकरी १८ हजारांची धरा. हप्ता जाऊन उरले ११,४००. त्यातून खोलीचं भाडं, प्रवास, जेवण. आणि आपल्याकडे अजून एक हप्ता असतो, जो बँकेच्या कुठल्याच तक्त्यात छापलेला नसतो. बहिणीची फी, आईची औषधं, गावच्या घराचं छप्पर. हा हप्ता पदवीची वाट बघत नाही. तो बारावीच्या निकालापासूनच सुरू होतो.

दुसऱ्या पारड्यात काय आहे ते रणगाड्यांच्या कारखान्याशेजारी राहणाऱ्यांना सांगायला नको. आय.टी.आय. करा, अप्रेंटिस लागा. २०१९च्या नियमांत किमान विद्यावेतन पात्रतेप्रमाणे ५ ते ९ हजार ठरलं. थोडं आहे, पण पहिल्या महिन्यापासून हातात येतं. मी या वाटेला नावं ठेवणार नाही. आपल्यातली कितीतरी घरं कारखान्याच्या पगारावर उभी राहिली. फक्त एवढं लक्षात घ्या की १ ऑक्टोबर २०२१ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या आणि आता भरतीच्या जाहिरातींत ठरावीक मुदतीच्या जागा दिसतात. ‘एकदा चिकटला की निवृत्तीपर्यंत’ हा वडिलांच्या वेळचा भरवसा पारड्यात टाकू नका.

आता सरकार कुणाला हात देतं ते बघा. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी शिक्षणाच्या काळातलं व्याज भरणारी केंद्राची योजना २००९पासून आहे. ती तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी. तामिळनाडूत घरातल्या पहिल्या पदवीधराला फी-सवलत आहे. तीही व्यावसायिक अभ्यासक्रमांना. परदेशी शिक्षणाच्या केंद्रीय शिष्यवृत्तीतून २०२२मध्ये भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतीय समाजावरचे विषयच वगळले. म्हणजे कामगाराच्या पोराने यंत्र शिकावं, जातीबद्दल विचार करायला परदेशी जाऊ नये. याला मी योगायोग म्हणत नाही.

म्हणून काय, कर्ज काढून तत्त्वज्ञान शिकायचं? माझं मत सरळ आहे: तत्त्वज्ञान शिका, पण त्यासाठी मोठं कर्ज काढू नका. सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात, विद्यापीठाच्या विभागात शिका. तिथे फी कमी असते आणि आवडीहून लोकलने रोज जाता येतं. खाजगी विद्यापीठाच्या माहितीपत्रकातली हिरवळ बघून सही करू नका.

आणि आधी कमावणं म्हणजे शिक्षण सोडणं नव्हे. बाबासाहेबांचंच बघा. १९१२ला बी.ए., जानेवारी १९१३ला बडोद्याची नोकरी, फेब्रुवारीत वडील गेले. बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली ती महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि बदल्यात दहा वर्षं नोकरीचा करार. कोलंबियात त्यांची पदवी अर्थशास्त्राची. पण जॉन ड्यूई या तत्त्वज्ञाच्या वर्गात ते बसले आणि ‘जातिनिर्मूलना’त त्यांनी ते ऋण नाव घेऊन मानलं. लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. मग सिडनॅम कॉलेजात महिना ४५० रुपयांवर प्राध्यापकी, परळच्या चाळीत काटकसर. १९२०ला पुन्हा लंडनला निघाले तेव्हा गाठीला स्वतःची बचत होती, शाहू महाराजांची मदत होती आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार होते. कर्ज त्यांनीही घेतलं. पण घेतलं ते प्राध्यापकाचा पगार कमावून झाल्यावर, आणि व्याजावर जगणाऱ्या बँकेकडून नाही, मित्राकडून. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

एम.ए. नंतर नेट-जे.आर.एफ. मिळाली तर २०२३पासून महिना ३७ हजार आहेत. अनुसूचित जातींची राष्ट्रीय फेलोशिपही आहे. पण ती दर महिन्याला येईल असं धरून खोली भाड्याने घेऊ नका. रोहित वेमुलाच्या शेवटच्या पत्रात सात महिन्यांची थकलेली फेलोशिप आणि मित्राचं देणं, दोन्हींचा हिशेब होता. सहा महिने पुरतील एवढे पैसे बाजूला असू द्या. माझ्या अंबत्तूरच्या पगारातून मी तेवढेच साठवले होते आणि ते सगळे लागले.

शेवटी, आपली इथली एक खास अडचण. स्थलांतरिताला अनुसूचित जातीचे राज्याचे लाभ मूळ राज्यातच मिळतात, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९०चा निकाल आहे. खटला होता आंध्रातल्या मुलाचा, मुंबईच्या मेडिकल कॉलेजातल्या प्रवेशाचा. त्यामुळे तुम्ही आवडीत जन्मला असलात, तमिळ फडाफडा बोलत असलात, तरी महाराष्ट्रातल्या जातीवर तामिळनाडूच्या सवलती मिळत नाहीत. केंद्राच्या शिष्यवृत्त्या आणि फेलोशिपसाठी मात्र दाखला चालतो. त्यासाठी वडिलांचा मूळ गावचा दाखला लागतो. ज्यांच्या घरी तो नाही, त्यांनी फॉर्म निघायची वाट बघू नका. मे महिन्यात गावी जाल तेव्हा लग्नाच्या आधी एक दिवस प्रांत कार्यालयासाठी ठेवा. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला सोबत न्या, आणि आजोबांची एखादी जुनी नोंद सापडली तर तीही.